तीन टोले

"काकू रुसलीय तुमच्यावर," मी म्हटलं. "पुन्हा वाजवा."

"दोन टोले दिलेत," नायदेनकाका म्हणाले. "पुन्हा पुन्हा द्यायचे नसतात. थांबायचं असतं."

ऑक्टोबरचा पहिला मंगळवार होता. काका फाटकापाशी आपल्या इंजिनावर ताठ बसले होते. डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी, हात ब्रेकवर. मागे मालाच्या दोन वाघिणी जोडलेल्या, प्रत्येकी आंघोळीच्या टबाएवढी. एकीत भाजून बरण्या भरायच्या लाल मिरच्यांची तीन पोती, दुसरीत गॅसचं सिलिंडर, कोंबड्यांचं खाद्य आणि बरण्यांची नवी झाकणं. सगळं मीच व्हॅनमधून उतरवून भरलं होतं. माझं दुकान म्हणजे ही व्हॅन. मंगळवारी आणि शुक्रवारी मी डोंगरातल्या पाच वाड्या फिरते. बाकी ठिकाणी हॉर्न वाजवला की म्हाताऱ्या पिशव्या घेऊन येतात. नायदेनकाकांचं घर रस्त्यापासून चौऱ्याण्णव पायऱ्या वर, म्हणून त्यांचा माल थेट त्यांच्या या छोट्या रेल्वेगाडीत.

"अहो, हे काय वेलिनग्रादचं स्टेशन आहे का? चला सरळ."

"खुराड्यामागचं वळण इथून दिसतं का तुला?"

"नाही."

"मलाही नाही दिसत. मग?"

मी पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात राहिले. काकू कोंबड्यांना शिव्या घालत असेल म्हटलं. मग म्हटलं, तिला दुसरा कोणीतरी भेटला असेल, बिनरुळांचा. काका हसले. चांगले खळखळून हसले, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. आम्ही पाऊण तास बसलो. शेवटी त्यांनी चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला, टोपी सीटवर ठेवली आणि पायऱ्या चढायला लागले.

थोड्या वेळाने फाटकावरची घंटा वाजली. एक टोला म्हणजे थांबा, तीन म्हणजे या. ती नुसती वाजतच राहिली.

रुस्काकाकू स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. हातात सुरी तशीच होती. गावातून डॉक्टर आला, म्हणाला, मेंदूत रक्तस्राव झालाय, एका क्षणात झालं असणार, तिला कळलंही नसेल. तो क्षण नेमका कधीचा, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

"गाडी खाली उभी आहे," एवढंच काका म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. अंत्यविधी झाला, लोक आले-गेले. शुक्रवारी मी आले तेव्हा मिरच्यांना पाणी सुटलं होतं. पोती ओढून ओढ्यात रिकामी केली, सिलिंडर आणि बाकीचं सामान व्हॅनमध्ये टाकलं आणि गाडीवर ताडपत्री घातली. मला काहीही वाटत नव्हतं. हातांना मात्र चार दिवस मिरच्यांचा वास येत होता.

ही गाडी कशी आली ते सांगायला हवं. काका अडतीस वर्षं आमच्या छोट्या लाइनवर होते, आधी सांधेवाला, मग एका चिमुकल्या स्टेशनचे मास्तर. दिवसाला चार गाड्या. त्या चार गाड्यांपैकी एकही त्यांनी पुढच्या स्टेशनची परवानगी आल्याशिवाय सोडली नाही. रिटायर झाल्यावर माणसं मधमाश्या पाळतात नाहीतर दारू गाळतात. यांनी भंगारातून जंगलखात्याचे हलके रूळ आणले, नांगरणीच्या यंत्राचं इंजिन बसवलं आणि फाटकापासून परसातून घरापर्यंत लाइन टाकली. आधी डावीकडे क्विन्सच्या झाडापर्यंत, तिथून सांधा बदलून उलट उजवीकडे, खुराड्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दारात. पीठ, साखर, तेल, लाकडं, सगळं गाडीने वर. काकू इंजिनाला सवत म्हणायची. "सवतीला तेल पाजलंत, मला कॉफी कोण देणार?" असं फाटकापर्यंत ऐकू यायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात काकू बादली घेऊन खुराड्यामागून आली आणि सवतीने तिची नडगी मोडली. सहा आठवडे प्लास्टर. काकांनी त्याच आठवड्यात फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत तार ओढली, दोन्ही टोकांना घंटा बसवल्या. खालून दोन टोले म्हणजे येऊ का. वरून तीन म्हणजे कोंबड्या आत आहेत, मी रुळांवर नाही, लाइन क्लिअर. त्यानंतर चौदा वर्षं तीन टोल्यांशिवाय गाडी हलली नाही. पाव आणि अर्धा किलो साखर असली तरी नाही.

काकू गेल्यावर फाटकावर तिचा फोटो असलेला कागद लागला, जसा आमच्याकडे कोणी गेलं की फाटकावर लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पावसाने भिजू नये म्हणून. काका पाठीवर पिशवी लावून पायऱ्या उतरायचे. एक पाव, एक किलो पीठ, बस्स. त्यांचं वसंतात हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगितलं होतं. दर दहा पायऱ्यांवर पोटाला हात लावून थांबायचे.

तिसऱ्या आठवड्यात ट्रकवाल्याने हिवाळ्याची लाकडं फाटकापाशी ओतली. माणसाच्या उंचीएवढा ढीग.

"आता तरी सवतीला बाहेर काढा," मी म्हटलं.

"नाही."

"का?"

"लाइन क्लिअर नाही."

"काका, काकू गेली."

"गेली. पण चाळीस दिवस घरातच वावरते ना? पाद्री म्हणाला. तुझी आईपण म्हणायची."

"म्हणतात तसं."

"मग ती कुठे आहे ते मला कोण सांगणार, मिंके? चुलीपाशी आहे का खुराड्यामागे आहे? एकदा पाय मोडलाय मी तिचा."

माझी जीभ तिखट आहे, सगळी वाडी सांगेल. आत्म्याची नडगी मोडत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते अगदी साध्या सुरात बोलत होते, जणू चार वाजताच्या गाडीबद्दल सांगावं तसं. आणि त्या दिवशी पाऊण तास मीही बसले होते ना त्यांच्याशेजारी. बिया खात, थट्टा करत. आता त्यांनी न विचारता गाडी सोडली असती, तर त्या दिवशीही सोडता आली असती असा अर्थ झाला असता. तेवढं मला कळलं, म्हणून गप्प बसले.

वाडीत सहा माणसं, सगळ्यात तरुण एकाहत्तर वर्षांचा. लाकडं कोण वाहणार? एका शुक्रवारी मी दोन खेपा केल्या आणि तिसऱ्या खेपेला गुडघा धरून मटकन बसले. वर काका छाटलेल्या फांद्या जाळत होते. फांद्या संपल्यावर रिकामी लाकडी खोकी.

त्यांच्या मुलीचा, इस्क्राचा, मला परदेशातून, वालेंसियाहून फोन आला. ती तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते.

"मिंकाताई, खरं सांग. लाकडं वर गेली का?"

"नाही गेली."

"मला म्हणतात, सगळं ठीक आहे. ताई, मी चाळिसाव्याला येतेय. गावातल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. तोवर लाकडं वर गेली नसतील तर बाबांना तिथे सोडूनच परत येणार."

"ते नाही जाणार गं."

"मग काय करू? बर्फात गारठून गेले असा फोन आला तर कुठल्या तोंडाने लोकांच्या आईबापांना आंघोळ घालू इथे?"

तिचं काही चूक नव्हतं. मी काकांना शब्दन् शब्द सांगितला.

"चाळिसाव्यानंतर बघू," ते म्हणाले.

"नंतर नाही हो. चाळिसाव्यालाच."

"कळलं."

एवढंच. घर जाणार होतं, कोंबड्या जाणार होत्या, लाइन गंजून जाणार होती, आणि हा माणूस कळलं म्हणत होता.

चाळिसावा शनिवारी आला. इस्क्राने गहू शिजवले, साखर घातली, पाव भाजला. आम्ही स्मशानात गेलो, पाद्रीने धूप फिरवला, थडग्यावर वाइन ओतली, प्रत्येकाने चमचाभर गहू खाल्ले. काकांनीही खाल्ले. आभाळ डोंगरावर बसलं होतं, बर्फ आज नाही तर उद्या पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. परत फाटकापाशी आलो तेव्हा लाकडांचा ढीग तिथेच होता. इस्क्राच्या भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर काकांची बॅग भरून ठेवलेली होती. सकाळीच भरली असावी.

"बाबा," ती म्हणाली, "चला आता."

काकांनी ताडपत्री काढली. घडी घातली, बाजूला ठेवली. टोपी झटकून डोक्यावर घातली. मग लाकडांकडे बोट दाखवलं.

इस्क्राने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी दोन्ही वाघिणी भरल्या. काका सीटवर बसले आणि तार ओढली. वर, रिकाम्या स्वयंपाकघरात, दोन टोले पडले. खाली पुसट ऐकू आले.

ते वाट पाहू लागले. पाच मिनिटं गेली, मग दहा.

"बाबा, वर कोणी नाहीये," इस्क्रा म्हणाली.

"थांब."

"मी जाऊन वाजवते. तीनच ना? मी वाजवते."

"तुला कुठे माहितीय ती कुठे कुठे असते ते," काका म्हणाले. रागाने नव्हे. पण इस्क्राचा चेहरा उतरला.

मला वाटलं, झालं, आता हे पाऊण तास बसणार, मग उठून मुकाट्याने गाडीत बसणार. पण त्यांनी चाकाखाली ठोकळा सरकवला, टोपी मात्र काढली नाही, आणि पायऱ्या चढू लागले. पोटाला हात लावून, रिकाम्या हातांनी.

"ज्या पायऱ्या चुकवायला लाइन टाकली," इस्क्रा म्हणाली, "त्याच चढतायत."

आम्ही पायरीवर बसलो. काका मधूनमधून दिसत होते. खुराड्याच्या कोपऱ्यावर वाकले. मागे गेले, पुन्हा आले, कोंबड्यांचं दार लावून घेतलं. क्विन्सखाली काकू भाजी निवडायला बसायची, त्या बाकापाशी उभे राहिले. तळघराचं दार उघडून आत गेले, बाहेर यायला बराच वेळ लागला. नळापाशी गेले. कपड्यांच्या दोरीपाशी गेले. मग घरात. इस्क्राने हातातला फोन खिशात टाकला. मी त्या दिवसासारख्या बिया काढल्या नाहीत, नुसती खिशात मूठ धरून बसले.

घंटा वाजली. आमच्या डोक्यावरच, काकूच्या फोटोच्या बाजूला.

एक. दोन. तीन.

इस्क्रा उभी राहिली. काका हळूहळू उतरत आले. मुलीकडे गेले नाहीत, माझ्यापाशी येऊन थांबले. त्या दिवशी मी होते म्हणून असेल.

"वाजली का?"

"वाजली."

"किती?"

"तीन."

त्यांनी मान खाली घातली. थोडा दम घेतला.

"सगळीकडे बघून आलो, मिंके," ते म्हणाले. "नाही कुठे."

मी वाकून चाकाखालचा ठोकळा काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गाडी डावीकडे गेली, क्विन्सपाशी थांबली, सांधा पडल्याचा आवाज आला, मग उलट उजवीकडे निघाली. खुराड्याच्या वळणावर त्यांनी नेहमीसारखी शिट्टी दिली. मग इंजिन बंद झालं आणि एकेक लाकूड स्वयंपाकघराच्या दाराशी पडल्याचं ऐकू येऊ लागलं.

इस्क्रा भाड्याच्या गाडीकडे गेली. मागचं दार उघडून बॅग काढली, आणली आणि उरलेल्या ढिगावर ठेवली.

"दुसऱ्या फेरीत जाईल," ती म्हणाली.

"जाईल की."

आम्ही दुसऱ्या फेरीची लाकडं रुळांजवळ आणून रचायला लागलो. बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते, अगदी बारीक. तेवढ्यात वरून घंटा वाजली. उतरायचं म्हणून काका स्वतःच स्वतःला परवानगी देत होते.

"तीन," इस्क्रा म्हणाली, आणि रुळांवरून बाजूला झाली.