बिनशब्दांचा गजर

मी कृष्णनाथ परबांचा सिंथेसायझर बोलतोय. आमच्या पेडण्यात मला सगळे 'मशीन'च म्हणतात. आज वाजत नाही, बोलतो. कारण माझ्या माणसाने माझ्यावर खोटा आळ घेतलाय आणि तो काही केल्या गिळवत नाही.

जन्म माझा जपानातला. एका परदेशी पाहुण्याबरोबर मांद्र्याला आलो. परत जाताना त्याने मला खोलीतच सोडलं. घरमालकीण कृष्णनाथची मावशी, म्हणून मी त्याच्याकडे आलो. देवळात पेटी वाजवणारा हा माणूस माझ्यापुढे बसला आणि असा काही रमला म्हणता! संध्याकाळी आपलं दुकान बंद केलं की थेट माझ्याकडे. चहा निवून जायचा.

पुष्कळ खपून त्याने एक कॅसेट केली. ड्रम, बास, गिटारचा खरखरीत आवाज, सगळं माझ्यातूनच. गाणारा कोणी नाही. बायको सुमंगला हसायची, "अहो, पण ह्येच्यात गातलो कोण?"

"आयक तरी गे!" म्हणायचा तो.

शेवटचा तुकडा म्हणजे भजनी सप्ताहातला गजर. त्यांच्या वाड्याचा पार, म्हणजे गाणाऱ्यांची पाळी, देवळाकडे निघते तेव्हाचा. चाल तीच, फक्त शब्दांच्या जागी माझा सूर आणि खाली रॉकचा ठोका. ती वाजवताना त्याचे डोळे भरून यायचे. मी बघितलंय हो.

त्याचा जिवलग भिकाजी वर्तमानपत्रात संगीतावर लिहायचा. आमच्याच खुर्चीत बसून मांडीवर ताल धरायचा. "कृष्णनाथा, अंगार काटो इलो रे!"

आणि रविवारी त्याने छापलं काय? 'हे संगीत नव्हे, विजेचा गोंगाट. गजर आहे, पण त्यातून देवाचं नावच काढून टाकलंय.' मग तो काटा कुणाच्या अंगावर आला होता, मेल्या? मुंबईच्या एका मासिकाने लिहिलं होतं, 'शेवटचा तुकडा ऐकताना माणसं चालत येताना दिसतात.' पण मुंबईचं मासिक वाड्यावर वाचतो कोण!

सप्ताह तोंडावर आलेला. देवळाच्या भजनी मंडळाने कृष्णनाथला देवळात बोलावलं, मलाही घेऊन ये म्हणाले. मी खूश! आता हा वाजवून दाखवणार आणि सगळ्यांची तोंडं बंद करणार.

मंडळाचे अध्यक्ष बाबुराव गरजले, "देवाचां नाव काढूक तुका कोणी सांगितलां? औंदा पाराक पेटी दुसरो वाजयतलो!"

ती पेटीची जागा त्याला बापाकडून आलेली. बिचाऱ्याचा चेहरा पडला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मियां कायच केलंय नाय, बाबुराव. तां मशिनीत तयारच होतां. मियां फकत बटण दाबलंय."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! अरे, जपानात घडलेल्या मला पेडण्यातल्या एका वाड्याचा गजर कोण शिकवणार? एकानेही विचारलं नाही. तिथेच बसलेल्या भिकाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली, "मियां सांगलंय मां, मशीनच ती!" दोघं हसत घरी गेले.

सप्ताहात पेटी कृष्णनाथनेच वाजवली. मी माळ्यावर, गोणपाटात.

लोकहो, मला गोंगाट म्हणा, खुशाल शिव्या घाला. पण कुणाकडे ती कॅसेट असली आणि ऐकताना डोळे भरून आले, तर माझं कौतुक तेवढं करू नका. माझ्यात तयार असं काहीच नव्हतं हो. ती चाल त्याची होती, आणि त्यानेच तिला आपली म्हटलं नाही.