पाठीवर दोनदा

रविवारच्या जेवणाला तोंडी लावायला सगळ्यांना तीच गोष्ट पुरली.

"म्हणजे बघ," मुलगा सुनेला चौथ्यांदा सांगत होता, "आई पंपावर, आणि बाबा चौदा किलोमीटर एकटेच! वाटेत गप्पासुद्धा मारल्या असतील त्यांनी. हो ना बाबा? काय सांगितलंत आईला वाटेत?"

"सांगितलं की पोरगं वाया गेलंय," बाबा म्हणाले, आणि टेबल हसलं. सून हसली, सात वर्षांची चिमणी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. आजीसुद्धा हसली. ओठ हलवता येत होते, तेवढे तिने हलवले.

"आणि मी दार उघडलं," सुनेने पुढचा भाग घेतला, "विचारलं, आई कुठायत? तर म्हणाले, आत असेल!"

"आत असेल!" चिमणी ओरडली, आणि पुन्हा सगळे हसले.

आजीने वाढायचा डाव उचलला आणि ज्याच्या ताटात काही नको होतं त्याच्या ताटात वाढलं.

झालं होतं ते एवढंच. गुरुवारी दुपारी दोघं मोटरसायकलवरून तिच्या बहिणीला भेटून परत येत होती. मोठ्या रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबली. टाकी भरताना मागच्याने उतरायचं असतं, तशी ती उतरली, हवेच्या यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी टाकीचं झाकण लावलं, किक मारली, आणि गाडी पुढे गेली. तिला वाटलं, हवा भरायला वळवतायत. गाडी वळली नाही. रस्त्याला लागली, मोठ्या ट्रकच्या मागे गेली, ट्रकच्या पुढे निघाली, आणि दिसेनाशी झाली.

"मावशी, काका गेले की!" पंपावरची मुलगी म्हणाली.

"येतील," ती म्हणाली.

मुलीने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. फोन गाडीच्या बाजूच्या पेटीत राहिला होता. मुलीने स्वतःचा फोन पुढे केला, पण तिला पाठ होता तो एकच नंबर, आणि गाडी चालवताना ते फोन घेत नसत. सव्वा तास ती खुर्चीवर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. शेवटी घ्यायला आला तो मुलगा, ऑफिसची गाडी घेऊन, हसत हसत.

तो हसला म्हणून तिला राग आला नाही. काहीच आलं नाही. लांबच्या प्रवासानंतर गाडीवरून उतरलं की पाय आपले राहत नाहीत, खाली जमीन आहे हे नुसतं डोळ्यांना कळतं, पायांना नाही. तसं गुरुवारपासून तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. मुंग्या यायच्या आधीची ती अवस्था. मुंग्या काही येत नव्हत्या.

कारण गमतीच्या गोष्टीत एक गोष्ट कुणी सांगत नव्हतं. ती फक्त तिला ठाऊक होती.

लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नवे लागले होते, ही मोटरसायकल सेकंडहँड घेतली होती, आणि गाडीला 'बाईसाहेब' म्हणत होते, कारण सकाळी तीनदा मिनतवारी केल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. एका सकाळी तिचा एक पाय फूटरेस्टवर आणि एक जमिनीवर असतानाच त्यांनी गाडी सोडली. ती आपटली. कोपराला चार टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर ते तिच्यापेक्षा पांढरे पडून बसले होते. म्हणाले, "आजपासून तू पाठीवर दोनदा थोपटल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही. कुणी मेलं तरी नाही."

लोक देवासमोर नेम घेतात. तिने पुष्कळ घेतले आणि पाळले होते. पहाटे उठायचा, दिवा लावल्याशिवाय पाणी न पिण्याचा, खोटं न बोलण्याचा. पण त्यांच्याकडून पाळला गेलेला नेम हा एकच, आणि तो तेहतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पावसात नाही, घाईत नाही. मुलाला तापात फणफणताना दोघांच्या मध्ये धरून दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा नाही. कुठल्यातरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकलेली असायची, फोनवर फोन यायचे, वाटेत तिला शर्टांच्या कारखान्यावर सोडायचं असायचं, ती काजं करायची तिथे. तरी ते हँडल धरून ताठ बसायचे आणि पाठ वाट बघायची.

एकदा तिनेच परीक्षा घेतली होती. कशावरून तरी जोरात भांडण झालं होतं, कारण आता आठवतही नाही. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर ती मागे बसली आणि थोपटलं नाही. इंजिन सुरू. बाहेर पडणाऱ्या बायका बघतायत. त्यांनी शांतपणे खिशातून घडी घातलेला पेपर काढला, टाकीवर पसरला आणि वाचायला लागले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तिच्या बाजूच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, लायब्ररीत बसलात की काय?" तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "माझं काही नाही. आपण इथंच म्हातारे होऊ." अकराव्या मिनिटाला तिला हसू फुटलं आणि तिने दोनदा थोपटलं. जरा जोरातच.

म्हणून लोक विचारायचे, इतकी वर्षं मागे बसून काय पाहिलंस, तर तिच्याकडे उत्तर होतं. पाठ पाहिली. चेहऱ्यापेक्षा तिला ती पाठ जास्त पाठ होती. रागावले की मानेची कड लाल व्हायची. काळजी असली की डावा खांदा वर चढायचा. थंडीत ती त्या पाठीआड तोंड लपवायची, तिथे साबणाचा आणि ग्रीसचा मिळून एक वास असायचा. गुडघे आखडायचे, धुळीने डोळे चुरचुरायचे, पंक्चर झालं की दोन-दोन मैल ढकलत चालायचं. पण घरात जे बोलता आलं नाही ते तिने त्या पाठीशी बोलून घेतलं होतं. वाऱ्यात त्यांना अर्धं ऐकू यायचं, आणि अर्ध्यालाच ते "हूं" म्हणायचे. बरं चाललं होतं.

गुरुवारी ते थोपटण्याची वाट न बघता गेले. ती बसलीय असं वाटून गेले असते तर गोष्ट वेगळी. पण मग पाठ थांबली असती. ती बरोबर आलीय, हेच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

शुक्रवारी तिने मुलाला गाठलं होतं.

"तू एकदा बाबांना डॉक्टरकडे नेशील का?"

"का? काय झालं?"

"ते विसरतायत."

"अगं आई, परवा मी पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं होतं. दह्याशेजारी. मला कुठे नेतेस?"

"तसं नाही रे. त्यांनी थोपटायची वाट नाही बघितली."

मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग तिचा खांदा थोपटला. "झालं? आता चालू पड."

काय सांगणार? त्याच सकाळी बाबांनी कार्ब्युरेटर उघडून, धुऊन, एकही स्क्रू इकडचा तिकडे न होता परत बसवला होता. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कौतुकाने बघत उभा होता, "काका, माझ्याकडे कामाला या." वीस वर्षांपूर्वी कुठल्या इमारतीतली लिफ्ट कितव्या मजल्यावर अडायची ते त्यांना अजून सांगता येत होतं. अशा माणसाबद्दल तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि शनिवारी संध्याकाळी ते स्वतःच तिच्याजवळ येऊन बसले होते. ती तांदूळ निवडत होती. त्यांनी ताटातला एक दाणा उचलला, बोटांत फिरवला.

"अगं," ते म्हणाले, "पंपावर तू थोपटलं होतंस ना?"

तिने वर पाहिलं. पाठ असती तर तिला लगेच कळलं असतं. चेहरा वाचायला तिला वेळ लागला. चेहरा घाबरलेला होता.

"हो," ती म्हणाली. "थोपटलं होतं. आणि मग चप्पल राहिली म्हणून उतरले."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि दाणा परत ताटात टाकून उठले. जाताना शीळ घालत गेले.

रविवारी सकाळी दिवा लावताना तिने हात जोडले, पण काय मागावं ते सुचलं नाही. खोटं बोलल्याची टोचणीही लागली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

आणि आता रविवारच्या त्याच जेवणात सून म्हणाली, "बाबा, उद्यापासून माझी सकाळची ड्युटी आहे. ह्यांना तर सहालाच निघावं लागतं. चिमणीच्या शाळेचं काय करायचं?"

"मी आहे ना! बाईसाहेब आहेत. सात मिनिटांत शाळा."

"आजोबांबरोबर गाडीवर!" चिमणी खुर्चीवर उभी राहिली.

"आई, चालेल ना?" मुलाने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. ते सुद्धा. तिला सांगायचं होतं, पण काल संध्याकाळचं ते "हो" आडवं आलं.

"उद्या बघू," ती म्हणाली.

सोमवारी सव्वासातला मुलगा आणि सून कधीच निघून गेले होते. फाटकाशी चिमणी दप्तर लावून, लहान हेल्मेट घालून तयार. आजोबांनी सीट पुसली, किक मारली. बाईसाहेब पहिल्या किकमध्ये सुरू झाल्या.

"आधी मी बसते," आजी म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत एक चक्कर. मग तू."

"का? तुला पण शाळेत जायचंय?" चिमणीने विचारलं.

"हो. नापास झालेय मी."

चिमणी खिदळली आणि फाटकाच्या कठड्यावर बसली. आजोबांनी हेल्मेटच्या आतून काहीतरी "हूं" केलं. ती मागे बसली. पाय फूटरेस्टवर ठेवले, पिशवी मांडीवर घेतली. आणि हात पिशवीवरच ठेवले.

इंजिन चालू होतं. ते हलले नाहीत.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. पाठ ताठ होती, खांदे सारखे, हात हँडलवर. वाट बघत होती. उगाच घाबरले मी, तिला वाटलं. पंपावर उन्हाचं काहीतरी झालं असेल. आहे, नेम आहे. तिने उजवा हात पिशवीवरून उचलला.

तेवढ्यात त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि चिमणीकडे पाहिलं.

"आजीला हाक मार गं. आत काय करतेय एवढा वेळ? शाळेला उशीर होतोय."

चिमणीला वाटलं, खेळ आहे. तिने घराकडे तोंड केलं, दोन्ही हातांचा भोंगा केला आणि ओरडली, "आजीऽऽ! आजोबा बोलावतायत!" मग पोट धरून हसायला लागली.

ते हसले नाहीत. दाराकडे बघत राहिले. दार बंद होतं, बाहेरून कुलूप होतं. ते कुलपाकडेही बघत होते.

तिचा हात हवेतच होता. तो तिने परत खाली घेतला. काही दुखलं नाही. एखादं कापड बघून त्याचं माप कळावं, तसं तिला नुसतं कळलं. ती हळूच उतरली, मागून वळसा घालून पुढे आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

"आले," ती म्हणाली.

"किती वेळ! चल, बस."

तिने हात पुढे करून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. गल्लीत एकदम सगळं ऐकू यायला लागलं: कुणाचा तरी नळ, वरच्या मजल्यावरचा रेडिओ.

"काय झालं बाईसाहेबांना?"

"त्यांना काही नाही झालं. मला चालायचंय आज. तिघंही चालत जाऊ."

"चालत? अगं, सात मिनिटांची वाट..."

"चालत वीस मिनिटं. एक दिवस उशीर झाला तर बाई काय फाशी देणार नाहीत."

"कान पकडायला लावतात," चिमणी म्हणाली.

"मी पकडेन तुझ्याबरोबर. पोरी, हेल्मेट काढ."

त्यांनी गाडी स्टँडवर लावली. ते हात चुकले नाहीत. हेल्मेट आरशाला अडकवलं. मग ते गाडीशेजारी उभे राहिले, आणि आता काय करायचं ते त्यांना सुचेना. एकदा टाकीवर हात फिरवला, एकदा तिच्याकडे पाहिलं. शनिवारचाच चेहरा होता. आता तिला तो वाचायला वेळ लागला नाही.

"शनिवारी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पंपावर मी थोपटलं नव्हतं. मी बसलेच नव्हते. तुम्ही गेलात."

चिमणी दप्तराचे पट्टे ओढत आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"असं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "किती वेळ बसलीस?"

"सव्वा तास. खुर्ची दिली होती मुलीने."

"बरं झालं खुर्ची दिली."

"रात्री पोरगा जेवायला बसला की सांगायचं. तुम्ही पण सांगायचं. ह्या वेळी कुणी हसायचं नाही. मग डॉक्टरकडे जायचं. मी येणार आहे बरोबर."

"हूं," ते म्हणाले. वाऱ्यात अर्धंच ऐकू आल्यासारखं.

तिने किल्ली पिशवीत टाकली, चष्म्याच्या डबीखाली. चिमणीने आजोबांचं बोट धरलं, पण ते हलेनात. हात शरीराजवळ धरून, ताठ, समोर रस्त्याकडे बघत उभे राहिले.

ती त्यांच्या मागे गेली. शर्ट कालच इस्त्री केलेला होता, मधोमध तिनेच पाडलेली घडी. तिने दोनदा थोपटलं.

ते चालायला लागले.