न पोचलेले निरोप

"किती वेळा लिहिलं तुम्हाला! नुसतं 'नाही' म्हणायलासुद्धा वेळ नव्हता?"

दारातला माणूस आत यायला तयार नव्हता. मावशींच्या हातातली सुई तशीच थांबली. आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी त्या टोप बनवायच्या, खऱ्या केसांचे, एकेक केस जाळीत ओवून.

"कुठं लिहिलं होतंत?"

"तुमच्या वेबसाइटवर. 'संदेश मिळाला' असं यायचं वर. बायको रोज विचारायची, आलं का उत्तर? आता नकोच म्हणते."

एवढं बोलून तो निघून गेला. गेले कित्येक महिने दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं. लोकांना आता यंत्रावरचे स्वस्त टोप हवेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

वेबसाइट बनवणाऱ्या भाचीला त्यांनी तातडीनं बोलावलं. तिनं स्वतःच एक संदेश पाठवून पाहिला. पडद्यावर 'मिळाला' असं उमटलं. मेलमध्ये मात्र काही नाही. स्पॅममध्येही नाही.

"अगं, मग जातं कुठं?" मावशी खुर्चीमागे येरझारा घालत होत्या.

"मावशी, बस ना जरा!" भाची बराच वेळ खुडबुडत राहिली. "सापडलं. लिहिणाऱ्याच्याच पत्त्यावरून मेल आलाय, असं आपली साइट दाखवते. मेलवाल्यांना ती तोतयागिरी वाटते. दारातूनच हाकलतात. माझंच चुकलं गं."

"चूक मागाहून वाटून घेऊ. निरोप गेले ते गेलेच?"

"नाही. साइटच्या आत प्रत्येक निरोपाची नक्कल असते."

भाचीनं पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचा पत्ता घातला. पुन्हा पाठवलेला संदेश टिंग करून आला. मावशींचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या नकला वाचत होत्या. 'मुलीला शाळेत जायचंय.' 'ताई, निदान कळवा तरी.'

"सगळ्यांना एकच माफीचा मेल टाकू?"

"नको. फोन लाव."

पहिली बाई हसली. "आता कशाला? आले माझे केस. तेव्हा वाट बघून रडले, मग एक दिवस उघड्या डोक्यानं बाजारात गेले. भाजीवाली बघत राहिली, मग मीही तिच्याकडं बघत राहिले." जरा थांबून ती म्हणाली, "पण उत्तर द्यायला हवं होतंत."

"हो," मावशी म्हणाल्या. ओठांवर आलेलं कारण त्यांनी गिळलं.

मग सकाळी दारात आलेल्या माणसाचा नंबर. मावशींचा आवाज ऐकून त्यानं फोन बायकोकडं दिला. पलीकडून तिचा बारीक आवाज आला, "टोप नकोय मला."

"नको तर नको. मी नुसती भेटायला येऊ?"

"या."

मावशींनी मापाची टेप पिशवीत टाकली. क्षणभर थांबल्या, ती काढून टेबलावर ठेवली, आणि रिकाम्या हातांनी जिना उतरू लागल्या.