बैल बसला ते गाव

आमच्या गावाचं नाव ब्रेक्के. हाल्वर ब्रेक्के नावाच्या नॉर्वेजियन माणसानं १८८२ साली ते वसवलं, असं इथल्या शाळेत पोरांना शिकवतात. हाल्वरची मुलगी तोरा ही माझ्या नवऱ्याची, केनेथची, सख्खी आत्या. मी स्वीडिश घरातली. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि केनेथला म्हणाल्या, "स्वीडिश आहे, पण हात मोठे आहेत. चालेल." तिथून पुढं जवळजवळ चाळीस वर्षं आम्ही एका अंगणात काढली.

गाव कसं वसलं ते मला त्यांनीच सांगितलं, पहिल्या हिवाळ्यात, कोंबडी सोलता सोलता.

"बाबांना इथं राहायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "वीस मैल पुढं नदी आहे, तिथं जायचं होतं. तिथं झाडं होती, पाणी होतं. पण इथं आल्यावर बैल बसला. बाबांनी चाबूक ओढला, देवाचं नाव घेतलं, मग दुसऱ्या कुणाकुणाचं घेतलं. बैल काही उठेना. संध्याकाळी आईला म्हणाले, 'मारित, देवानं जागा दाखवली.' आई म्हणाली, 'मला तर बैलानं दाखवलेली दिसली.' तेवढ्यावरून आठ दिवस अबोला."

नॉर्थ डकोटाच्या या माळावर झाड म्हणून नाही, तेव्हा गवताच्या मुळांसकट जमिनीच्या ढेपा कापून घर रचलं. छपरातून पावसात चिखल पडायचा आणि कोरड्या दिवसांत साप. चार वर्षांनी त्याच घरात आत्याबाई जन्मल्या. हाल्वरनं पहिल्यांदा लाकूड आणलं ते घरासाठी नव्हे, झेंड्याच्या खांबासाठी. खांबाजवळ उभं राहून भाषण चांगलं व्हायचं. लाकडी घर व्हायला मारितला अठरा वर्षं थांबावं लागलं.

नांगर मारितच धरायची. हाल्वरची पाठ नांगराला दुखायची, नाचाला दुखत नसे. पहिला बर्फ पडला तेव्हा तो पीठ आणायला म्हणून फार्गो शहराला गेला आणि बर्फ वितळल्यावर परत आला. सोबत अर्धं पोतं पीठ, एक व्हायोलिन आणि रानरेड्याच्या कातड्याचा कोट घालून काढलेला स्वतःचा फोटो. पुढं दरवर्षी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, त्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट तो गावाला सांगे. वादळ, उपासमार, आणि दारात आलेला लांडगा, जो त्यानं एका गोळीत लोळवला.

"लांडगा खरा होता?" मी विचारलं.

"शेजारच्या सुंडबींचा कुत्रा होता. आईला त्यांच्या घरी माफी मागायला जावं लागलं. बाबांची पाठ दुखत होती."

एकवीस वर्षांच्या झाल्या तशी आत्याबाईंनी स्वतःच्या नावावर सरकारी जमीन मागितली. लग्न न झालेल्या बाईला मिळायची तेव्हा, एकशे साठ एकर. त्यांनी बापाच्या बांधाला लागूनच घेतली. हाल्वर चिडला. "हाल्वर ब्रेक्केच्या पोरीला जमीन मागावी लागते? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ब्रेक्क्यांच्या घरात कुणीतरी शेती करतं."

एक स्थळही आलं होतं. धाकटा सुंडबी, दिसायला बरा, चर्चमध्ये गाणारा. तो म्हणाला, "लग्नानंतर तुला शेतात पाय ठेवावा लागणार नाही." आत्याबाईंनी विचारलं, "मग नांगरणार कोण?" तो जरा घुटमळला, म्हणाला, "बघू की." त्यांनी त्याला कॉफी पाजली, वर दुसरा कप पाजला आणि गेट उघडून दिलं. "'बघू की' म्हणणारा एक पुरुष घरात होता," त्या मला म्हणाल्या. "दुसरा कशाला?"

मारित १९११ साली गेली, मळणीच्या दिवसांत. मळणीवाल्यांना कॉफी वाढून आत आली, चुलीपाशी बसली ती उठली नाही. अंत्यविधीत हाल्वर तासभर बोलला. पहिला हिवाळा सगळा सांगून झाला, लांडगा मारून झाला, मग शेवटी बायको आली. लोक रडले. तो स्वतः आणखी तेवीस वर्षं जगला, आणि त्यातला एकही चार जुलै त्यानं वाया घालवला नाही. त्याची जमीन मुलाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे गेली. ते मिनियापोलिसला विमा विकत होते. गाईच्या कुठल्या बाजूला बसून दूध काढतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती विकायला काढली आणि आत्याबाईंनी विकत घेतली. त्या जमिनीसोबत जुन्या ढेपांच्या घराचा उंचवटाही आला. भिंती केव्हाच बसल्या होत्या. गवत उगवलेला एक ढिगारा उरला होता.

मग १९८२ उजाडलं. गावाला शंभर वर्षं झाली. आत्याबाई शहाण्णवच्या होत्या. दात एक नाही, पण जिभेला त्यांची गरजही नव्हती.

आमचा महापौर लाइल ओस्थुस, ट्रॅक्टरच्या दुकानवाला, पाद्रीबोवांना घेऊन घरी आला. गावात पुतळा बसवायचा ठरला होता. लाइलनं टेबलावर मातीचा छोटा नमुना ठेवला. हाल्वर नांगर धरून उभा, अंगात तोच फोटोतला कोट. मागं दगडावर एक बाई, मांडीवर बाळ, नवऱ्याकडे मान वर करून बघणारी.

आत्याबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"कोट घालून नांगरतोय?"

"ते आपलं... ओळख पटावी म्हणून, तोराकाकू," लाइल म्हणाला.

"आणि ही बसलेली कोण?"

"आपल्या आई. आणि बाळ म्हणजे तुम्हीच."

"दोघांच्या जागा चुकल्यात. नांगर आईकडे द्या आणि बाबांना दगडावर बसवा. बाळ द्यायचं असेल तर द्या, पण त्यांनी पाडलं असतं."

पाद्रीबोवा हसले. लाइल त्याहून जास्त हसला. मी कॉफी ओतत होते, मी हसले नाही. मला त्या चेहऱ्याची पस्तीस वर्षांची ओळख.

"आम्हाला पुतळा त्या जुन्या घराच्या ढिगाऱ्याजवळ बसवायचाय," लाइलनं मुद्द्याला हात घातला. "जागा तुमची. तुम्ही नाही थोडंच म्हणणार?"

"आईच्या हातात नांगर द्या, जागा घ्या. फुकट."

"काकू, लोकांचा गोंधळ होईल. गावाचं नाव त्यांच्यावरून आहे."

"आईचं आडनावही ब्रेक्केच होतं."

पाद्रीबोवा मधे पडले. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला मारितबाईंचं नाव कोरता येईल, म्हणाले. सुबक अक्षरात.

"मागच्या बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. "जिथं कुत्री पाय वर करतात तिथं. नको."

पुतळा शेवटी हमरस्त्यावर, पेट्रोल पंपाशेजारी बसला. पण गंमत अशी की मिरवणुकीत 'आद्य कन्या' म्हणून गाडीवर बसायला आत्याबाई तयार झाल्या. जुन्या पद्धतीचं टोपडं पाठवलं होतं, तेही घातलं. आयुष्यात त्यांनी तसलं टोपडं कधी घातलं नव्हतं. ऊन लागू नये म्हणून भावाची फेल्टची हॅट घालायच्या.

"आत्याबाई, हे काय सोंग?" मी टोपड्याची गाठ बांधताना म्हटलं.

"माझ्या हातात माइक देणार आहेत ना?"

दिला. पेट्रोल पंपासमोर निम्मा जिल्हा लोटला होता. लाइलनं भाषण केलं, त्यात लांडगा आला. मग आत्याबाई बोलल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट. बैल कसा बसला ते सांगितलं. फार्गोचा हिवाळा सांगितला, व्हायोलिन आणि अर्ध्या पोत्यासकट. झेंड्याचा खांब, छपरातले साप, सुंडबींचा कुत्रा. शेवटी म्हणाल्या, "या गावातला नांगराचा पहिला तास माझ्या आईनं मारला. हा माणूस तेव्हा झोपला होता."

लोक हसून हसून लोळले. बायकांनी डोळे पुसले. सुंडबींचा नातू सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. उठून उभे राहिले सगळे. लाइलनं माइक घेतला, त्याच्याही डोळ्यांत पाणी. "काय विनोदबुद्धी! थेट बापावर गेल्यात."

घरी आल्यावर आत्याबाई टेबलाशी बसल्या. टोपडं काढून टेबलावर ठेवलं. मी कॉफी दिली, ती तशीच निवली. त्यांना इतक्या वर्षांत मी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं, पाठ खुर्चीला टेकवून.

"बाबांनी आयुष्यभर थापा मारल्या, कुणी हसलं नाही," त्या म्हणाल्या. "मी एकदा खरं बोलले तर टाळ्या."

मी म्हटलं, "निदान लोकांनी ऐकलं तरी."

"ऐकलं नाही. करमणूक झाली."

पुतळ्याचं झालं ते झालं, पण त्या उन्हाळ्यात ढिगारा बघायला लोक येऊ लागले. बसमधून म्हातारे उतरायचे, ढिगाऱ्यावर चढून फोटो काढायचे. "काय सुखी दिवस असतील," असं एक बाई माझ्यासमोर म्हणाली. आत्याबाई खिडकीतून बघत होत्या. मग लाइलनं निरोप पाठवला की ढिगाऱ्याला कुंपण घालून तिथं तिकीट ठेवावं म्हणतो.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी आत्याबाई केनेथला म्हणाल्या, "ट्रॅक्टर काढ. नांगर जोड. मला वर बसव."

"कुठं जायचंय?"

"आईच्या घरी."

केनेथनं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा कोट आणून दिला. सत्त्याण्णव वर्षांच्या बाईला आम्ही दोघांनी मिळून केबिनमध्ये चढवलं, कंबरेला पट्टा बांधला. माती आधी उठेना, इतकी बसली होती. मग फाळ आत गेला आणि ढिगारा उलटला. काळी माती, खाली कुजकी काडी, एका चमच्याचा तुकडा. त्यांनी केनेथला थांबू दिलं नाही.

कुणीतरी फोन केला असणार. लाइल गाडी उडवत आला आणि बांधावरून धावत सुटला, बुटांसकट चिखलात.

"काकू, काय करताय? हा इतिहास आहे आपला!"

आत्याबाईंनी केबिनचं दार उघडायला लावलं. "लाइल, या घरातून बाहेर पडायला आईनं अठरा वर्षं वाट पाहिली. तुम्ही तिला तिकीट लावून परत आत घालताय."

"पण मग लोकांना काय दाखवायचं?"

"बाबा आहेत की पेट्रोल पंपावर. कोट घालून."

तो तिथंच उभा राहिला. ट्रॅक्टर त्याच्या भोवतीनं वळला. दुपारपर्यंत जमीन सपाट झाली आणि आठवडाभरात आम्ही तिथं जवस पेरलं. जुलैत फुलांनी निळं झालं सगळं. लाइल हार मानणारा नव्हता. त्यानं सरकारी रस्त्याच्या कडेला, म्हणजे आमच्या हद्दीच्या बाहेर, एक पाटी रोवली: 'हाल्वर ब्रेक्के यांचे पहिले घर येथे होते.' केनेथ ती उपटायला निघाला होता.

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या. "पाखरांना बसायला इथं झाड कुठंय?"

त्या १९८७ च्या मार्चमध्ये गेल्या, आपल्याच पलंगावर, सकाळी. आदल्या दिवशी मला विचारलं होतं, यंदा बियाणं आणलं का. हो म्हटलं. कुठलं आणलं विचारलं, ते सांगितलं, तर म्हणाल्या, "महाग घेतलंस."

जमीन त्यांनी केनेथच्या नव्हे, माझ्या नावे केली होती. वकिलाकडे केनेथ जरा गोरामोरा झाला. घरी येताना गाडीत म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो एकदम रस्त्याकडे बघू लागला.

पेपरात चार ओळी आल्या. 'थोर आद्य वसाहतकार हाल्वर ब्रेक्के यांची विनोदी कन्या.' मी संपादकाला फोन लावला, तो जेवायला गेला होता. मग राहूनच गेलं, कारण पेरणी आली.