सात प्रश्नचिन्हं

तुळजाजीचा फोन आला तेव्हा जननी चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात डबा खात होती.

"अक्का, तंजावरहून बोलतोय. तुमचे अप्पा आमच्या आजीचं गाणं रेकॉर्ड करून घेऊन गेलेले. कनकाबाई. गेल्या वर्षी आई गेली, तिनंच सांगितलेलं. मी आजीला पाहिलोच नाही. एकदा आवाज ऐकायला मिळेल काय?"

"मिळेल की," जननी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण उगाच शब्द दिला.

तिचे वडील गुरुमूर्ती रेल्वेत कारकून होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते तंजावर, पुदुक्कोट्टै, कुंभकोणम असं फिरले आणि आपल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून पाळणे, ओव्या, लग्नातली गाणी रेकॉर्ड करून आणली. त्यांच्या अकरा सीडी केल्या. कोण गातंय ते एका वहीत लिहिलं. २०१५च्या पुरात सैदापेट्टच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. वहीचा लगदा झाला, कागदी पाकिटं एकमेकांना चिकटली. सीडी धुऊन वाळवल्या, त्या वाचल्या. अप्पा तेव्हा म्हणाले होते, "नावं माझ्या डोक्यात आहेत." कुणी घाई केली नाही. मग दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सुधारले, सगळं समजायचं, पण बोलणं गेलं. 'हो' आणि 'ते' एवढेच दोन शब्द उरले.

त्या संध्याकाळी जननीला एक गोष्ट आठवली. ती दहावीत असताना अप्पा एका बोटानं कॉम्प्युटरवर ही सगळी नावं टाइप करत बसायचे. जगभरातले लोक आपल्या सीडींची माहिती एका सार्वजनिक सूचीत पाठवत असत, तिथं तेही पाठवत. "आता कुठूनही सीडी लावली तरी आमच्या बायकांची नावं येतील," म्हणायचे.

तिनं बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागवला आणि सीडीवरची गाणी उतरवणारं एक टूल लॅपटॉपवर एका ओळीची कमांड देऊन चालू केलं. त्या सीडींवर नावं नव्हती, फक्त आवाज होता. हे टूल प्रत्येक गाण्याची लांबी मोजतं, त्यावरून सीडीचा एक नंबर काढतं आणि त्या नंबराची नोंद सूचीत शोधतं. उत्तर आलं: सर्व्हर सापडत नाही. ती सेवा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या सूचींमध्ये अकरांपैकी एकाही सीडीची नोंद नव्हती.

ऑफिसातला श्रीवत्स म्हणाला, "जुनी सूची कुणीतरी उतरवून ठेवलेली असणार. असल्या वस्तू कुणी ना कुणी ठेवतंच." त्यानं ती शोधूनही दिली. जननीनं ती सगळी उतरवून घेतली आणि पहिल्या सीडीचा नंबर टाकला.

नोंद सापडली! तिच्या तोंडून "अप्पा!" अशी हाकच निघाली. ते काठी टेकत आले. दोघांनी मिळून स्क्रीन पाहिली.

गाणं पहिलं: ???? ???? / ????????
गाणं दुसरं: ????? / ??????

आधी गाणारीचं नाव, तिरक्या रेघेनंतर गाण्याचं. खालीही तेच. बाकीच्या दहा सीडींचंही तेच.

श्रीवत्सनं फोनवर समजावलं. अप्पांनी देवनागरीत टाइप केलं होतं. त्यांच्या त्या जुन्या प्रोग्रामला देवनागरी पाठवता येत नव्हती, म्हणून त्यानं प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक काना-मात्रेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह पाठवलं. अप्पांच्या स्क्रीनवर मात्र नावं नीट दिसत असणार.

"उलटं फिरवता येणार नाही?"

"भलतीच अक्षरं उमटली असती तर फिरवलं असतं. इथं अक्षरच राहिलं नाही, जननी."

अप्पा स्क्रीनकडे बघत होते. "ते," ते म्हणाले. "ते... ते..." मग त्यांनी मूठ आवळून टेबलावर आपटली. चहा सांडला.

जननीनं हट्ट सोडला नाही. क, न, क, काना, ब, काना, ई. सात. एकशे तेवीस गाण्यांत जिच्या नावाला बरोबर सात प्रश्नचिन्हं आहेत अशी गायिका शोधायला तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला. चार गाणी निघाली. ती तिनं एमपी३ केली. फाइलींच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही म्हणून टूलनं तीही काढून टाकली आणि नुसत्या आडव्या रेघा ठेवल्या.

रविवारी सकाळी तिनं अप्पांना खुर्चीत बसवलं आणि पहिलं गाणं लावलं. खरखरीत, दमदार आवाज होता.

"अप्पा, ही कनकाबाई?"

"हो."

दुसरं लावलं. हा आवाज बारीक, मधेच खोकणारा.

"ही?"

"हो."

तिसऱ्यालाही हो. चौथं गाणं म्हणजे पाळणा होता. तो सुरू झाला आणि अप्पा गायला लागले. दोन वर्षांत एक वाक्य न बोललेला माणूस बाईच्या आवाजाबरोबर सगळी कडवी म्हणत होता, एकही शब्द न अडखळता. गाणं संपताच ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"कोण गातंय अप्पा? नाव सांगा. कनकाबाई ना?"

अप्पांचे ओठ हलले. घामानं कपाळ ओलं झालं. "ते," ते म्हणाले. तिनं पुन्हा पहिलं गाणं लावून पाहिलं. तेही त्यांनी सबंध म्हटलं. दुसरंही. तिसरंही. तिनं लॅपटॉप बंद केला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिच्याकडे नॅपकिनसुद्धा नव्हता, तिनं ओढणी पुढे केली.

दुपारी तिनं चारही फाइली तुळजाजीला पाठवल्या. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला.

"ऐकलो, अक्का. चारी ऐकलो. यातली आजी कोणती?"

"मला ठाऊक नाही."

"अप्पांना?"

"त्यांना ठाऊक आहे," जननी म्हणाली. "पण आता नाव सांगता येत नाही."

पलीकडे कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"यातली एक तरी नक्की आजीच काय?"

सात खुणांची दुसरीही कितीतरी नावं होतात. अप्पांनी कनकाबाईंपुढे आडनाव जोडलं असेल, तर या चारांत ती नसेलही. हे सगळं जननीला सांगायचं होतं.

"बहुतेक," ती म्हणाली.

"सरी अक्का, चालेल," तो म्हणाला. "अप्पांना नमस्कार सांगा."

आतल्या खोलीत अप्पा अजून तोच पाळणा म्हणत होते.