एकनाथरावांच्या खिशावरून दिसलेलं विमान

मी एक जुना लोकरीचा धागा आहे. लांबीला जेमतेम वीतभर. रंग लाल होता, आता उन्हाने गुलाबी झालाय. निर्मलाताईंनी यजमानांसाठी स्वेटर विणला, त्यातून मी उरलो. हैदराबादच्या थंडीत तो स्वेटर दोनदाच घातला गेला. मी मात्र आठ वर्षं कामावर आहे.

मित्रांनो, मी ग्लायडरच्या काचेवर राहतो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. निर्मलाताईंचे यजमान एकनाथराव इथल्या क्लबात ते चालवायला शिकवतात. त्यांनीच मला काचेवर बाहेरून, पायलटच्या डोळ्यांसमोर चिकटपट्टीने बसवलं. वाऱ्यात मी सरळ मागे पडलो, की विमान सरळ चाललंय. मी डावीकडे झुकलो, की पायलटने उजव्या पायाने पेडल दाबायचं. बाकीची यंत्रं महागाची, पण सगळे आधी माझ्याकडे बघतात. थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये अलकाताई आल्या. नल्लकुंट्याच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या, वय पन्नास. एकदा तरी एकटीने उडायचं, म्हणून तिसऱ्या वर्षी धडपडत होत्या. रजा पाच दिवसांची, आणि पाचव्या दिवसानंतर ग्लायडर मोठ्या दुरुस्तीला जाणार होतं. परत कधी येईल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

पहिले तीन दिवस मागच्या सीटवर एकनाथराव होते. धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला अंबाजी आमच्या पोटाला अडकवलेली तार मोठ्या चक्रावर गुंडाळायचा. तार ताणली, की आम्ही पतंगासारखे वर! हजार फुटांवर तार सुटायची, आणि मग ती शांतता. फक्त वाऱ्याची सळसळ. खाली सिकंदराबादची घरं, हुसेनसागराचं चकाकतं पाणी, अगदी शेजारी घारी. आठ वर्षांत मला याची सवय झालेली नाही.

अलकाताईंना यातलं काही दिसतच नव्हतं. त्या फक्त मला बघत. मी जरा हललो की पाय दाबत. तो जास्त दाबला जाई, मी उलटीकडे जाई, की लगेच दुसरा पाय. विमान नुसतं शेपूट हलवत चालायचं.

"अलकाताई, तो धागा आहे, मुख्याध्यापक नाही," मागून एकनाथराव म्हणाले. "बाहेर बघा की!"

"बाहेर बघितलं की हा सरकतो, सर."

"सरकू दे. विमान घसरलं की बुडाला कळतं. ऑटो वळताना कळतं ना? तसंच."

चौथ्या दिवशी त्यांनी मला चक्क सोलून काढलं आणि स्वतःच्या खिशावर चिकटवलं. अपमानच की! मागच्या सीटवरून मला दिसली ती फक्त अलकाताईंची मान. पण ती मान पहिल्यांदाच इकडेतिकडे वळत होती.

पाचव्या दिवशी एकनाथराव विमानातून उतरले. म्हणाले, "जा. एकट्या." मग खिशाकडे बोट केलं. "हा हवा का?"

अलकाताई माझ्याकडे बघत राहिल्या.

"राहू दे, सर. तुमच्याजवळच."

वायरलेसवर अंबाजी खरखरला, "मेडम, नक्को डरो. मैं हूं ना!"

आणि मित्रांनो, मी आठ वर्षं ज्याच्या कपाळावर होतो, ते विमान मी पहिल्यांदा खालून पाहिलं. पांढरं, लांब पंखांचं, बिनआवाजी. दोन माणसं मावणारी एवढी मोठी वस्तू हवेने अशी तळहातावर घेतल्यासारखी उचलून धरली होती! दोन घारी गोल फिरत होत्या. विमान त्यांच्यामागे वळलं आणि गरम हवेवर वर, आणखी वर चढलं. माझ्याखाली एकनाथरावांचं काळीज धडधडत होतं. "उजवा पाय... उजवा..." ते पुटपुटत होते, आणि त्यांचाच उजवा पाय गवतात रुतत होता.

विमान जराही घसरलं नाही.

उतरल्यावर काच उघडून अलकाताई तशाच बसून राहिल्या. "सर, तीन वर्षं वर जातेय," त्या म्हणाल्या. "वरून पार मलकपेठ दिसतं, हे कुणी सांगितलंच नाही मला!"

एकनाथराव चष्मा पुसायला लागले.

मित्रांनो, ज्याने तुम्हाला सरळ चालायला शिकवलं, तो कितीही विटला तरी त्याला फेकू नका. खिशावर लावून ठेवा हवं तर. पण उडताना बाहेर बघा.