मला चुना लागला, म्हणून वाचले

मी चिंच बोलतेय. अहमदपूरहून जळकोटकडे निघालात की डाव्या हाताला एक नवी वसाहत लागते. तिथला रस्ता सरळ येतो आणि मध्येच कंबर वाकवून वळसा घेतो. तो वळसा माझ्यासाठी आहे. एवढा मान आमच्याकडे पुढाऱ्यालाही मिळत नाही.

मला कोणी लावलं नाही. या शेताचे मालक शेषेराव, त्यांची आई सिद्धम्मा बांधावर बसून चिंच चघळत होती. तिने चिंचोका थुंकला आणि खुरपायला निघून गेली. माझं बारसं, जावळ, सगळं त्यातच उरकलं. पुढे बैलांनी मला कितीदा खाल्लं, मी पुन्हा फुटले. आमची जातच चिवट.

शेषेरावांची बायको केवळाबाई या घरात आली, तेव्हा माझ्या सावलीत बसून भाकरी खाता येत होती. लेकाच्या, दयानंदच्या वेळी तिला डोहाळे लागले ते माझ्या गाभुळलेल्या चिंचांचे. शेषेराव वर चढत आणि ती खालून बोट दाखवी, "ती न्हाई, तिच्या वरची." म्हणजे दयानंदने आईच्या दुधाआधी माझी चिंच चाखली आहे.

आणि येळवस! वेळ अमावास्येला आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. माझ्या बुंध्याशी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी राही, आत पाच दगडांचे पांडव. केवळाबाई त्यांना चुन्याने रंगवी, भज्जी-अंबिलीचा नैवेद्य दाखवी आणि उरलेल्या चुन्याचे हात माझ्या खोडाला पुसे. अंबील पिऊन पाहुणे असे घोरत की माझ्यावरचे पोपट उडून जात. वर्षातला हा दिवस मला फार आवडतो.

मग शहर चालत चालत आमच्या बांधापर्यंत आलं. शेषेराव थकले होते. दयानंदने शेतात प्लॉट पाडायचं ठरवलं. त्यात वाईट काही नाही, माणसांना घरं लागतात आणि मलाही शेजार आवडतो. पण नकाशातला मोठा रस्ता नेमका माझ्या बुंध्यातून जात होता.

"येळवस हू दे," तो आईला म्हणाला. "दुसऱ्या दिशी चिंच काढून टाकू."

केवळाबाई भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत राहिली. मी मात्र भ्याले. झाडाला पळता येत नाही, याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी नकाशा काढणारी इंजिनिअर महामाया आली. तिने जेसीबीवाल्या मारोतीला बजावलं, "बांधावरच्या कडुलिंबांना चुन्याचे पट्टे मारलेत. चुना लावलेल्या झाडाला हात लावायचा नाही. बाकीचं काढा."

केवळाबाई तिथेच कोपीची जागा झाडत होती.

येळवस झाली. पांडव रंगवून झाले आणि चुना उरला. त्या वर्षी तो जरा जास्तच उरला. तिने सवयीप्रमाणे हात माझ्या खोडाला पुसले, आणि पुसता पुसता ती माझ्याभोवती पूर्ण फिरून आली.

दुसऱ्या दिवशी दयानंद कामासाठी लातूरला गेला होता. मारोती मशीन घेऊन माझ्यासमोर येऊन थांबला. त्याने पांढरा पट्टा पाहिला, डोकं खाजवलं. माणूस सांगितल्या कामाचा. चुना म्हणजे चुना, असं म्हणून त्याने रस्ता माझ्या बाजूने वळवला आणि चहा प्यायला माझ्याच सावलीत बसला.

संध्याकाळी दयानंद आला तेव्हा महामायाही काम बघायला आली होती.

"रस्ता वाकडा काहून झाला?"

"झाडाला चुना हाय की, मालक," मारोती म्हणाला.

"चिंचेला चुना कुणी लावला?"

"म्या," केवळाबाई म्हणाली. "पांडवांचा उरला व्हता."

शेषेरावांना हसून हसून उचकी लागली. "पोरा, मायनं तुलाच चुना लावला की."

दयानंद हसला नाही. "उद्या काढतो," म्हणाला.

"काढ बाबा," केवळाबाई माझ्या खोडावर हात ठेवून म्हणाली. "तुह्या येळंला मला भाकर बघू वाटत नव्हती. हिच्याच चिंचांवर दिस काढले म्या. तू हिचा बी लेक हाईस."

दयानंदने वर माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात महामायाने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला.

"दादा, मोकळी जागा तर सोडावीच लागते. ती मागच्या कोपऱ्यात दाखवलीय, ती चिंचेखाली घेऊ. प्लॉट तिकडं सरकतील. नकाशा अजून मंजुरीला जायचाय."

आमच्याकडे मंजुरीच्या आधी जेसीबी येतो, त्याचा मला असा फायदा झाला.

"प्लॉट तितकेच ऱ्हातेत?"

"तितकेच. फक्त हिच्या बुडाशी मुरूम टाकू नका, मुळं घुसमटतात. आणि बांधाकडेचा तो ओघळ बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी लोकांच्या घरात शिरेल."

"मंग कामून काढायची चिंच?" दयानंद मारोतीवरच खेकसला. माणसाला दुसऱ्याचं पटलं की ते लगेच स्वतःचं होतं.

आता माझ्याभोवती घरं आहेत. चिंचेवर भूत असतं म्हणून नवे लोक आधी बिचकले. इतकी वर्षं मी इथे आहे, मला तरी ते भेटलेलं नाही. आता सगळे पत्ता सांगतात तो माझाच, "चिंचेच्या म्होरं तिसरं घर."

यंदाच्या येळवशीला ज्यांना शेत नाही तेही डबे घेऊन माझ्याखाली आले. केवळाबाईचे गुडघे दुखतात, म्हणून चुन्याची बादली दयानंदने घेतली. पांडव रंगवून तो माझ्यापाशी आला.

"माय, कुठवर लावू?"

"हात पुरंल तिथवर."

त्याने हात पुरेल तिथवर लावला. मी आनंदाने थोडी पानं त्याच्या डोक्यावर सोडली.

तुमच्याही शेतात उद्या प्लॉटच्या रेघा पडतील. पडू द्या. फक्त जेसीबीच्या आधी चुन्याची बादली घेऊन एकदा झाडाकडे जा. आणि इकडे कधी आलात तर मीठ तेवढं घेऊन या, चिंचा माझ्याकडे आहेत.